बडग्याला तोंड कोणाचं

पोळ्याला आठ दिवस होते.
धकात्यांचा रितेश दारात उभा राहून म्हणाला,
"काकू, यंदा गल्लीचा बडग्या तुमच्या कंपनीवर काढून राह्यलो.
फक्त सांगा, तोंड कोनाचं लावू?"
मी तांदूळ निवडत होते.
"सांगते विचार करून," म्हटलं,
जसं त्यानं भाजीत काय टाकू विचारलं.

अकरा वर्षं हिंगण्याला, पहिल्या पाळीत,
पंख्याच्या मोटरीला तार गुंडाळली मी.
एका खाचेत तीनशे ऐंशी वेढे.
कमी पडले तर मोटर तापते,
जास्त झाले तर पंखा आळसावतो,
आणि मधेच कुणी "निनावेबाई, चहा" म्हटलं
तर आकडा दाताखाली धरून ठेवायचा.

मग चीनहून मोटरी आल्या.
आमच्या नुसत्या तांब्याच्या भावात अख्खी मोटर,
वर रंग, वर खोका, खोक्यावर हसणारी बाई.
तिसातल्या बारा जणी गेल्या.
उरलेल्या आम्ही गेटवर ओरडलो, ड्यूटी वाढवा!
हिराबाई कानाशी म्हणाली,
"नीट सांग वं, नाहीतर बारा तासांची करतील."

वाढली. दिल्लीत, खरंच.
साहेबांनी संत्राबर्फी वाटली,
माणशी एक तुकडा.
चिनी मोटर महागली, आमची खपली,
कंपनीच्या हातात पैसा खुळखुळला
आणि त्याच पैशाचं, दिवाळीनंतर,
लाकडी पेटीतून यंत्र आलं.
त्याच्यावर म्हणे ड्यूटी नव्हती.

यंत्रासोबत कोइम्बतूरचा एक पोरगा.
मोबाईल स्टँडवर लावून
दोन दिवस माझे हात टिपत बसला.
"मॅडम, कोने पे वायर ढीला क्यूं छोडता?"
मला कुठे माहीत, सोडते म्हणून.
सासरे विणताना काठाशी धोटा असाच क्षणभर थांबवायचे.
त्यांच्या मागाचा खड्डा कधीच बुजला,
त्यावर फरशी, फरशीवर फ्रिज.
म्हटलं, सगळीकडे सारखा ताण दिला तर तुटते, दादा.
त्यानं लिहून घेतलं.

यंत्र बारा मोटरी एकदम गुंडाळतं.
लघवीला जात नाही. त्याच्या पोरीला ताप येत नाही.
चुकतही नाही,
खोटं कशाला बोलू.

तर तोंड कोणाचं?
साहेबाचं लावलं असतं,
पण पोरीच्या फीला त्यानंच उचल दिली होती,
आणि शेवटच्या दिवशी तो माझ्याकडे न बघता
नुसता पेनाचं टोपण उघडझाप करत होता.
मंत्र्याचं?
त्यानं आम्ही मागितलं तेच दिलं.
खोक्यावरच्या बाईचं तर नाहीच.
तिच्यामागे कुठल्याशा शेडमध्ये
कुणीतरी आकडा दाताखाली धरून बसली असेल,
किंवा आता नसेल.
ड्यूटीला तोंड नसतं.
यंत्राला एक हिरवा दिवा आहे, बस.

शेवटी पोट्ट्यांनी मडकं पालथं घातलं
आणि नुसत्या मिशा काढल्या.
मिशा कोणालाही चालतात.
अंगाला फळ्या, भंगारवाल्याकडून,
त्याच पेटीच्या. बाण काढलेला, "ही बाजू वर".
त्यांनी उलटी ठोकली.

हाताला तार गुंडाळायची राहिली होती.
रितेश भराभरा फिरवत सुटला,
वेढ्यावर वेढा, मधे भोकं.
थोडा वेळ बघवलं.
"आन इकडं."

पायरीवर बसले, हात मांडीवर घेतला.
उद्या "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत
नाईक तलावाशी नेऊन जाळतील,
मीही ओरडेन, ठाऊक होतं.
तरी कोपऱ्यावर
जरा सैल सोडली.

दोनशे बाराला रितेशनं विचारलं, "काकू, चहा?"
मी मान हलवली.
बोलता येत नव्हतं.